आवडती कादंबरी पडद्यावर का येत नाही?

२०२५च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. हेच नाव १९५४ सालीही गाजलं होतं. राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. पुस्तक एकच, सिनेमे दोन, आणि मध्ये सत्तर वर्षं.

बातमी वाचून आमच्याकडे जुना विषय पुन्हा निघाला. मावशी म्हणाली, “श्यामची आई दोनदा झाली, मग तुंबाडचे खोत एकदा तरी करा की!” मामेभावाला ‘मृत्युंजय’ हवा होता. मला ‘कोसला’चं काय होईल याची काळजी जास्त, उत्सुकता कमी. चार वाचक जमले की ही यादी निघतेच आणि तिच्या शेवटी तोच प्रश्न उरतो: एवढी चांगली गोष्ट तयार असताना सिनेमावाले ती घेत का नाहीत?

उत्तर बहुतेकदा ‘त्यांना वाचनाची आवड नाही’ असं दिलं जातं. ते पुरेसं नाही. पुस्तकापासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर काही नाकी आहेत आणि त्यातली बरीचशी वाचकाला दिसतच नाहीत.

पुस्तक आपलं, पण गोष्ट कुणाची?

कपाटातली ‘तुंबाडचे खोत’ची प्रत मावशीच्या मालकीची आहे. ती कुणाला द्यायची, विकायची, रद्दीत घालायची, हे तिनं ठरवावं. पण त्या प्रतीतली गोष्ट तिची नाही. गोष्ट ज्या शब्दांत, ज्या रचनेत मांडली आहे तिच्यावरचा लेखकाचा कायदेशीर हक्क म्हणजे कॉपीराइट. आपल्याकडे तो १९५७च्या कायद्यानं ठरतो.

हा हक्क एकच एक नसतो, ती मोळी असते. कोकणातली आंब्याची बाग डोळ्यांसमोर आणा. मालक एका हंगामापुरती कलमं कराराने एकाला देतो, खालचं गवत दुसऱ्याला, विहिरीचं पाणी तिसऱ्याला. जमीन त्याचीच राहते. कादंबरीचंही तसंच आहे. छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे, हिंदी अनुवादाचा दुसऱ्याकडे, नाटकाचा तिसऱ्याकडे असू शकतो आणि सिनेमाचा हक्क लेखकाच्या खिशात तसाच पडून असू शकतो. कुठलंही मराठी पुस्तक उघडून आतल्या नावाच्या पानामागे पाहा. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट यांसाठी लेखी परवानगी आवश्यक, अशी बारीक टायपातली ओळ अनेकदा तिथे असते. सिनेमाची वाट त्या ओळीपासून सुरू होते.

‘हक्क घेतले’ म्हणजे सिनेमा येणार का?

अमुक कादंबरीचे हक्क अमक्यानं घेतले, अशी बातमी येते, आपण कलाकार कोण असतील यावर गप्पा मारतो, आणि मग काहीच होत नाही. दोन वर्षांनी आपण म्हणतो, “फसवलं.” बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. दिला गेलेला असतो तो फक्त विसार.

जागा घेताना आपण पूर्ण रक्कम मोजण्याआधी विसार देतो. ठरलेल्या मुदतीत मालकानं ती दुसऱ्याला विकायची नाही, तेवढ्यात आपण कर्जाची सोय करायची. सिनेमातल्या या विसाराला ‘ऑप्शन’ म्हणतात. निर्माता थोडी रक्कम देऊन काही काळापुरती कादंबरी अडवून ठेवतो. त्या काळात त्याला पटकथा लिहून घ्यायची असते, दिग्दर्शक मिळवायचा असतो, कलाकारांच्या तारखा आणि पैसा उभा करायचा असतो. यातलं एक जरी निसटलं तरी मुदत संपते आणि हक्क परत लेखकाकडे जातात.

हक्क पूर्ण दिले तरी कायद्यानं लेखकाची थोडी सोय केली आहे. करार लेखी आणि सहीचा असावाच लागतो. कलम १९ नुसार, करारात वेगळं काही लिहिलं नसेल आणि घेणाऱ्यानं वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर हस्तांतरण संपुष्टात येतं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. अडचण ‘वेगळं काही लिहिलं नसेल तर’ या शब्दांत आहे. सही करताना लेखकानं ती ओळ वाचली नाही, तर चांगली कादंबरी कुणाच्या तरी कपाटात बरीच वर्षं कुलूपबंद राहू शकते. मला हे सर्वांत जास्त टोचतं, कारण त्यात दोष गोष्टीचा नसतो.

लेखक गेल्यावर

लेखकाच्या निधनानंतर हक्क वारसांकडे जातात आणि इथे गावाकडच्या माणसाला सातबारा आठवावा. एका उताऱ्यावर सात नावं, एक भाऊ पुण्यात, एक बहीण बडोद्यात, पुतण्या परदेशात. रस्ता काढायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. कादंबरीच्या हक्कांचं असंच होतं. कुणाला रक्कम कमी वाटते, कुणाला आजोबांच्या पुस्तकाला हात लावणंच पसंत नसतं, तर कुणाला आपल्याकडे हक्क आहेत हेच ठाऊक नसतं. निर्मात्याला मात्र कागद स्वच्छ हवे असतात. उद्या सिनेमा तयार झाल्यावर आठवं नाव निघालं तर त्याचे सगळे पैसे अडकतील.

हा हक्क कायमचा नसतो. लेखकाच्या मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. अण्णाभाऊ साठे १९६९मध्ये गेले. ‘फकिरा’ १ जानेवारी २०३०ला मोकळी होईल. १९६३मध्ये तिच्यावर सिनेमा आला होता, पण आजच्या पिढीनं ती गोष्ट नव्यानं मांडावी असं मला मनापासून वाटतं आणि ती तारीख मी लक्षात ठेवली आहे. वि. स. खांडेकर १९७६मध्ये गेले, त्यामुळे ‘ययाति’ २०३७पासून.

मोकळं झालं म्हणजे सगळंच मोकळं झालं असं मात्र नाही. साने गुरुजींचं पुस्तक कुणीही घ्यावं, पण ‘भरजरी गं पीतांबर’ हे गाणं पुस्तकातलं नाही, ते अत्र्यांनी सिनेमासाठी लिहिलं. अत्रे १९६९मध्ये गेले, म्हणून त्या शब्दांवरचा हक्क २०२९अखेरपर्यंत आहे.

“गोष्टच तर घ्यायची आहे, परवानगी कशाला?”

मामेभावाचा युक्तिवाद असा होता: कर्ण काय शिवाजी सावंतांचा आहे? तो तर महाभारतातला.

बरोबर आहे, कर्ण सगळ्यांचा आहे. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा निकाल प्रसिद्ध आहे. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांचा दावा होता की ‘न्यू दिल्ली’ हा १९५६चा सिनेमा त्यांच्या नाटकावरून उचलला आहे. न्यायालयानं तो मान्य केला नाही. कल्पना, विषय, पौराणिक किंवा ऐतिहासिक घटना यांवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, असं न्यायालयानं सांगितलं. पुरणपोळी कुणाच्या मालकीची नसते, पण माझ्या आजीच्या वहीतली कृती तिच्या शब्दांत छापलीत तर ती तिची.

म्हणून कर्णावर सिनेमा करायला कुणाची परवानगी नको. पण ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं आपापल्या तोंडून कथा सांगतात. ती गुंफण, ते प्रसंग, ती भाषा सावंतांची. वाचकाला हवा असतो तो नेमका हाच कर्ण, आणि तो परवानगीशिवाय मिळत नाही.

चारशे पानं आणि दोन तास

समजा हक्क मिळाले. आता खरा पेच.

चारशे पानांच्या कादंबरीत ढोबळमानानं एक लाख शब्द धरा. कुणी मोठ्यानं वाचून दाखवली तर तेरा तास तरी लागतील. सिनेमाच्या पटकथेचा अंदाज पानाला एक मिनिट असा असतो. दोन तासांचा सिनेमा म्हणजे साधारण एकशेवीस पानं, त्यातही बरीच जागा मोकळी.

वाड्यातून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड हलवताना काय होतं? आजीचा झोपाळा जात नाही. तांब्याचा बंब जात नाही. फडताळातलं निम्मं सामान नातेवाइकांकडे जातं. आणि तरीही त्या दोन खोल्या ‘आपलं घर’ वाटल्या पाहिजेत. पटकथाकाराचं काम हे आहे. सगळं घेऊन जायचा हट्ट धरला तर दारातच सामान अडकतं. निर्दयपणे टाकलं तर नव्या घरात आपलं म्हणावं असं काही राहत नाही.

हे काम उत्तम कसं होतं ते ‘सिंहासन’मध्ये पाहावं. १९७९चा हा सिनेमा अरुण साधूंच्या एका नाही, दोन कादंबऱ्यांवर उभा आहे: ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. दोन कादंबऱ्यांतली मुंबई, मंत्रालय, संप, तस्करी, पत्रकारिता एका सिनेमात बसवायची तर कुठलंतरी सूत्र हवं. ते सूत्र झाला दिगू टिपणीस. तो पत्रकार, सगळीकडे त्याला प्रवेश, सगळं त्याला दिसतं आणि हातात काहीच नाही. निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं साचत जातं आणि शेवटी त्याचं जे हसणं फुटतं, त्यात कितीतरी पानं सामावली आहेत. शेकडो पानं टाकूनही ती टाकल्यासारखी वाटत नाहीत.

म्हणूनच “पुस्तकातला अमुक प्रसंग गाळला” ही तक्रार मला आता अपुरी वाटते. विचारायचं ते हे की, गाळलेल्या प्रसंगातून आपल्याला जे मिळत होतं ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं आलं का?

कादंबरीचा जीव कुठे आहे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, तसा प्रत्येक कादंबरीचा जीव कुठेतरी असतो. तो कुठे आहे यावर सिनेमा होईल की नाही हे बरंचसं ठरतं.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’चा जीव एका माणसाच्या देहात आहे. गुणा कागलकर हा रांगडा गडी तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो आणि नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही म्हणून स्वतः उभा राहतो. पिळदार शरीर, मग तेच शरीर बायकी हावभावात. हे वाचताना कल्पनेनं पाहावं लागतं, पडद्यावर ते समोर उभं राहतं. २०१०मध्ये आलेल्या रवी जाधव यांच्या सिनेमात अतुल कुलकर्णींनी आपल्या शरीरातच तो बदल घडवला. गोष्टीचा जीव आणि कॅमेऱ्याची ताकद एकाच ठिकाणी आली.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा जीव माळरानात आहे. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, आणि दुष्काळानं हळूहळू रिकामं होत गेलेलं गाव. अमोल पालेकरांनी १९९५मध्ये त्यावर सिनेमा केला. माळ, मेंढरं, कोरडं आकाश ही दाखवण्याचीच गोष्ट आहे.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ मधल्या जागी उभी आहे. तिचा जीव नववीतल्या मुकुंद जोशीच्या बोलण्यात आहे, आणि पुस्तक वाचताना आपण हसतो ते त्या बोलण्याला. हे पडद्यावर कसं यायचं? पण त्या वयाच्या प्रेमात बोलणं कमी आणि बघणं जास्त असतं. शिरोडकरनं वर्गात एकदा मान वळवून पाहिलं की जोशीचा सगळा दिवस बदलतो. कादंबरीत त्या एका नजरेवर पानभर मजकूर येतो, सिनेमात दोन क्षणांचं काम. आणीबाणीचा काळ मागे सरकत राहतो. या सिनेमाच्या रूपांतरित पटकथेला, म्हणजे मूळ साहित्यावरून लिहिलेल्या पटकथेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता.

आणि ‘कोसला’? १९६३ची भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी पांडुरंग सांगवीकर स्वतः सांगतो. त्याचं ‘उदाहरणार्थ’, त्याचं ‘वगैरे’, गंभीर गोष्ट हसत सांगण्याची आणि हसण्याच्या गोष्टीत मध्येच खचण्याची त्याची तऱ्हा. खेड्यातला मुलगा पुण्याला शिकायला जातो, नापास होतो, परत येतो. घटना म्हणून पाहिलं तर एवढंच. जीव सगळा भाषेत. कॅमेऱ्याला पांडुरंगाची खोली दिसेल, मेस दिसेल, त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यूही दाखवता येईल, पण तो ‘वगैरे’ कुठून आणणार? सिनेमाभर मागून आवाज लावला तर ते अभिवाचन होईल. असं रूपांतर अशक्य आहे असं मी म्हणत नाही. मात्र ते करणाऱ्याला ‘कोसला’च्या भाषेइतकीच वेगळी दृश्यभाषा शोधावी लागेल. आवडती म्हणून ‘कोसला’ यादीत सर्वांत वर ठेवणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा.

पैशाचं गणित

इथे फार बोलण्यासारखं नाही. कादंबरीत ‘दहा हजारांची फौज निघाली’ लिहायला एक ओळ आणि शाई लागते. पडद्यावर घोडे, कपडे, तंबू, जेवणावळी लागतात. जुना काळ उभा करायचा तर रस्त्यावरची विजेची तारसुद्धा लपवावी लागते. मराठी सिनेमाचा प्रेक्षक प्रामुख्यानं एका राज्यातला, त्यामुळे परत येणाऱ्या पैशाला मर्यादा. ऐतिहासिक कादंबऱ्या यादीत वर असूनही मागे राहतात त्याचं मोठं कारण हे.

“आणि बिघडवून ठेवलं तर?”

ही भीती खरी आहे. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वरचा २०१३चा सिनेमा तुफान चालला, तरी पुस्तकाच्या चाहत्यांमध्ये ‘आमची दुनियादारी वेगळी होती’ हा वाद अजून थांबलेला नाही. वाचकाला इथे कायद्याचा आधार नाही, पण लेखकाला आहे. कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी कलाकृती आपली आहे हे सांगण्याचा आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या आपल्या कादंबरीवरच्या ‘समय की धारा’ सिनेमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला. १९८६च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की माध्यम बदलताना काही बदल करावे लागतात, पण मूळ कृती ओळखू येणार नाही इतकं तिचं रूप पालटण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही.

वेब मालिका हा उपाय आहे का?

लांबलचक कादंबऱ्यांसाठी हो, आणि ही युक्ती नवी नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ दूरदर्शनवर मालिका होऊनच घरोघरी पोचली होती, रवींद्र मंकणी थोरल्या माधवरावांच्या भूमिकेत. वाड्याचं सामान हलवायला दोन खोल्यांऐवजी आठ-दहा मिळाल्या तर झोपाळासुद्धा नेता येतो.

हक्कांचं एक नवं वळण मात्र येतं. १९८०च्या दशकात कुणी ‘चित्रपटाचे हक्क’ लिहून दिले असतील तर त्यात वेब मालिका धरायची का? २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यासाठीचा हक्क दिला असं मानायचं नाही. नव्या करारांना याचा आधार आहे. जुन्या करारांचे कागद वकिलाकडून नीट वाचून घ्यावे लागतात.

मग यादीत काय ठेवावं?

मला विचाराल तर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. १८९०पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आलेली, यमूनं स्वतः सांगितलेली तिची कहाणी. हरिभाऊ १९१९मध्ये गेले, त्यामुळे परवानगीचा प्रश्न कधीच मिटला आहे. तिच्यात फौजा नाहीत. माजघर, परसू, अंधारी खोली एवढ्यातच सगळं घडतं. (‘कुंकू’ हा प्रभातचा १९३७चा सिनेमा ज्यांच्या कादंबरीवर होता ते नारायण हरी आपटे. नावं उलटसुलट असल्यानं नेहमी गोंधळ होतो.) श्री. व्यं. केतकरांच्या ‘ब्राह्मणकन्या’तली कालिंदीही आजच्या प्रेक्षकाला जवळची वाटेल. केतकर १९३७मध्ये गेले, म्हणजे तीही मोकळीच.

आणि मावशीचे ‘तुंबाडचे खोत’. बरेच जण सांगतात की २०१८मध्ये ‘तुंबाड’ आला की! त्या हिंदी भयपटाचा खोतांच्या कथेशी संबंध नाही, जुळतं ते गावाचं नाव. पेंडशांची कादंबरी दोन खंडांची आहे, जगबुडीच्या काठावरच्या एका घराण्याची, पिढ्यान् पिढ्यांची. वैभव, व्यसनं, वैर, पडझड आणि या सगळ्याला साक्षी असलेली नदी. तिचा जीव माणसांत आणि त्या खाडीच्या पाण्यात आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या आवाक्यात. दोन तासांत ती मावणार नाही, मालिकेत मावेल.

श्री. ना. पेंडसे २००७मध्ये गेले. साठ वर्षं मोजली तर कादंबरी मोकळी होईल १ जानेवारी २०६८ला. मावशी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. कुणीतरी त्याआधीच विसार घेऊन वारसांच्या दारात जायला हवं.